मानशीच्या दाराचं गाऱ्हाणं

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आधीचा हिवाळा. आमच्या गावच्या कालोत्सवाचा दुसरा दिवस. सकाळी दहा वाजता देवळाच्या सभामंडपात दंड ठरला: रुपये एकावन्न आणि नारळ एक. हजर होते देवस्थान समितीचे पाच जण, भटजी, आणि हिशेब लिहायला बोलावलेला मी. पाचांपैकी एक जण बांध समितीचाही अध्यक्ष होता आणि तक्रार त्याचीच होती. म्हणजे फिर्यादी न्यायाधीशांच्या बाकावरच बसला होता. हे मी तेव्हाच बोलून दाखवलं. भटजी म्हणाले, "तू आकडो लिही रे."

आकडा मी लिहिला. ज्याला दंड झाला तो माणूस तिथे नव्हता. तो तिंट्यावर, म्हणजे आमच्या बाजारचौकात, आपल्या किराणा दुकानात गूळ फोडत बसला होता. त्याला निरोप गेला तेव्हा त्याने बत्ता खाली ठेवला आणि रस्त्यावर येऊन, समोरच्या न्हाव्यापासून वडाखालच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दंड कित्याक? खोटा बोल्लंय म्हणान, काय खरा बोल्लंय म्हणान?"

निरोप्या आल्या वाटेने परत गेला. त्या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं आहे, आणि रागाने लिहितो आहे हे आधीच सांगून ठेवतो.

या दुकानदारांचं नाव इथे देत नाही. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारतही नसे. सगळे 'म्हाराजा' म्हणत. पेडण्याकडच्या माणसाला याचं कारण सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. देवापुढे नारळ ठेवून गावाच्या वतीने मोठ्याने जी विनवणी करतात तिला आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणतात. एक जण उभा राहून एकेक वाक्य घालतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' असा होकार देतो. आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. गावच्या बारा वाड्या, प्रत्येक वाडीचा राखणदार देव, पाणवठे, शिवेवरचे दगड, वाटेतला आंबा, होडीने नदी ओलांडायची जुनी तर, सगळ्यांची नावं त्यांना क्रमाने पाठ. गावाचा इतिहास कुठे लिहिलेला नव्हता. वर्षातून एकदा तो त्यांच्या तोंडून बाहेर यायचा आणि पुन्हा आत जायचा. पोरं रस्त्याने त्यांच्यामागून 'व्हय म्हाराजा!' ओरडत पळायची, आणि ते वळून छत्री उगारायचे. छत्री चैत्रातही हातात असायची.

माणूस गोड नव्हता. मेलेल्याबद्दल चांगलंच लिहायचं ही रीत मला मान्य नाही, त्यांनाही नव्हती. माझ्या वडिलांशी त्यांनी एका काजूच्या झाडावरून इतकी वर्षं भांडण चालवलं की शेवटी झाड वठून गेलं तरी भांडण राहिलं. दुकानात गिऱ्हाईक हळू आवाजात उधार मागायला लागलं की ते सामान परत डब्यात ओतायचे. "उधारी व्हयी तर वड्यान माग. हळू मागता तो हळूच विसारता." घरात त्यांच्या बायकोला, आमच्या काकींना, बोलायला जागाच नव्हती. त्या खुणांनी संसार करत. एकदा मी विचारलं तर काकी म्हणाल्या, "घरात एक देवळाची घांट वाजता ती पुरो."

कागदाचा त्यांना तिटकारा होता. त्याला कारण होतं. पोर्तुगेजांच्या वेळी रेगेदोराच्या, म्हणजे गावच्या सरकारी अंमलदाराच्या, कचेरीत त्यांच्या वडिलांनी एका कागदावर अंगठा दिला. कागद पोर्तुगेजीत होता. घाट चढून घरी येईपर्यंत नदीकाठचं माडांचं भाट, म्हणजे बागायत, दुसऱ्याचं झालं होतं. तेव्हापासून त्यांचं मत कायम झालं: "कागदाक कान नाय नि तोंड नाय. बोल्लेला चार माणसांच्या कानात तरी रवता." मी सहकारी सोसायटीत कारकून. दिवसभर माझं काम कागदावर. त्यामुळे मी दिसलो की ते म्हणायचे, "इलो बघा पैशेमोजपी. काय रे, आज किती मेले कागद पुरलंस?"

आणि गाऱ्हाण्यात ते काहीही घालत. हेही खरं. एका साली त्यांनी शेजाऱ्याची म्हैस घातली. "ही म्हस माझ्या वालींचा वाटोळा करता, हिका दुसरी वाट दाखय रे म्हाराजा!" गावाने हसत 'व्हय म्हाराजा' म्हटलं. एका साली म्हापशाची बस घातली, कारण कंडक्टर तिंट्यावर पुरती न थांबवता बायकांना उतरायला लावायचा. त्या वर्षी बस थांबायला लागली. कंडक्टरची सासुरवाडी आमच्याच गावची होती, हे मला ठाऊक होतं. म्हाराजांच्या मते ते देवाने केलं. रेडिओवर वाऱ्यापावसाचं सांगतात म्हणूनच वादळं येतात, असंही त्यांचं मत होतं आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती. बोललेली गोष्ट घडते, एवढा एकच धर्म त्यांनी पाळला. पुढे त्याचीच त्यांना शिक्षा झाली.

गावात अजूनही म्हणतात, "तो काय, सदांच ओरडायचो. आमकां काय म्हायत, त्या वर्सा खरा ओरडता म्हणान?" हे कारण मी मान्य करत नाही. त्या वर्षी ते काय ओरडले ते प्रत्येकाने ऐकलं होतं. होकारही दिला होता.

आमचं गाव तेरेखोल नदीच्या अलीकडच्या काठावर. नदीला भरतीचं खारं पाणी येतं. ते शेतांत शिरू नये म्हणून काठाने मातीचा बांध आणि बांधात मानस. मानस म्हणजे दगडी मोरी आणि तिला लाकडी दार. भरती आली की पाण्याच्याच दाबाने दार मिटतं, ओहोटीला उघडून शेतातलं गोडं पाणी बाहेर सोडतं. बांधाआडची सगळी भातशेती त्या एका दारावर. दार मिटलं नाही तर खारं आत येतं, आणि एकदा खारं बसलं की त्या जमिनीत तीन वर्षं भात होत नाही. मानशीच्या तोंडाशी मासे मिळतात, त्या मासळीच्या हक्काचा दर वर्षी लिलाव होतो. आम्ही त्याला पावणी म्हणतो. पावणीचे पैसे बांधासाठी आणि दारासाठीच वापरायचे, असा नियम. समितीशिवाय दुसऱ्या कुणी मानशीला हात लावायचा नाही, लावला तर दंड, हाही नियम.

त्या वर्षी पावणी अकरा हजार सहाशेला गेली. दाराची खालची फळी कुजली होती. हे गुपित नव्हतं. मानशीला लागून दोन शेतं करणारी विधवा भागीरथी पावसाळ्यापासून सांगत होती की ओहोटी लागली तरी मोरीशी पाणी खारट लागतं. म्हाराजा स्वतः जाऊन छत्रीचं टोक दारात खुपसून आले होते. टोक पलीकडे निघालं. मग समितीने एकवीसशे रुपयांच्या माट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाच्या, फळ्या आणल्या. चांगल्या, चार बोटं जाड, लांब फळ्या. मेस्तही, म्हणजे सुतार, ठरला. फळ्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, ठेवल्या.

तेवढ्यात भाषेचं सुरू झालं.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. राजभाषा कोंकणी की मराठी, यावर एका घरात दोन चुली झाल्या. आमच्या गावात रविवारी भजनाला एकत्र बसणारी माणसं सोमवारी एकमेकांच्या दुकानावर जाईनाशी झाली. भाषेबद्दल माझं मत होतं आणि आहे. ते इथे लिहिणार नाही, कारण त्याचा मानशीच्या दाराशी संबंध नाही. हीच गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती.

तालुक्यातून पुढारी येणार, सभा होणार, तर व्यासपीठ हवं. एका शनिवारी कोंकणीवाल्यांची सभा ठरली. अग्रशाळेतल्या फळ्या बाहेर काढून पिंपांवर टाकल्या. दुसऱ्या दिवशी मराठीवाल्यांची सभा. त्यांनी त्याच फळ्या, त्याच पिंपांवर, फक्त तोंड देवळाकडून शाळेकडे फिरवून टाकल्या. दोन्ही सभांना मी गेलो. दोन्हींत वक्त्याने पाय आपटून सांगितलं की आपल्या पायाखालची माती आपली आई आहे. पायाखाली मानशीचं दार होतं.

मी अध्यक्षाला गाठलं. बांध समितीचा अध्यक्ष म्हणजे गावचा मोठा भाटकार. बांधाआडच्या निम्म्या जमिनी त्याच्या नावावर, पण त्याची स्वतःच्या पोटाची शेती वरच्या अंगाला, जिथे खारं पोचत नाही. मी म्हटलं, "अध्यक्षानू, फळयो मानशीच्यो. मेस्त दोनदा येवन गेलो."

"दोन दिसांचो प्रश्न रे. फळयो खंय पळान जातत?"

"पाणी येता ना."

"तू म्हाराजासारखो बोलाक लागलंस," तो म्हणाला, आणि दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते हसले. भाषेचं सुरू झाल्यापासून दोन्ही बाजू एकत्र हसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

मी अर्ज लिहिला, शहरातल्या पाटबंधारे कार्यालयाला. शेतकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. मराठीत लिहिला, कारण मला तसाच लिहिता येतो. कोंकणीवाल्यांनी सही दिली नाही. "अर्ज बरोबर आसा, भास चुकीची." मग एका शिक्षकाकडून कोंकणीत लिहून घेतला. आता मराठीवाले देईनात. एकावर नऊ सह्या, दुसऱ्यावर बारा. दोन्ही घेऊन मी कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने दोन्ही न वाचता परत केले आणि म्हणाला, "इंग्लिशीत हाड." मी तिथेच बाकावर बसून इंग्रजीत लिहिलं, एकट्याच्या सहीने दिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

परत आलो तेव्हा म्हाराजा दुकानाच्या पायरीवर होते. सगळं ऐकून घेतलं, आणि आश्चर्य म्हणजे हसले नाहीत. "तुझो कागद खालीच रवलो. आता माझा बघूया," म्हणाले. "कालो चार दिसार आसा."

काल्याच्या दिवशी दुपारी देवळापुढे इतकी गर्दी मी त्याआधी पाहिली नव्हती. भक्ती वाढली नव्हती. दोन्ही बाजूंना वाटलं होतं की गावचं गाऱ्हाणं आपल्याच भाषेत आहे आणि ते ध्वनिमुद्रित करून जगाला दाखवावं. कोंकणीवाल्यांनी एक प्राध्यापक आणला होता, मराठीवाल्यांनी एक निवृत्त हेडमास्तर. दोघांकडे टेपरेकॉर्डर. दोन्ही यंत्रं देवापुढच्या पायरीवर शेजारी शेजारी, नारळांच्या ताटाला लागून ठेवलेली.

म्हाराजा धुतलेलं धोतर नेसून उभे राहिले. छत्री काकींकडे दिली. नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! बारा वाडयांच्या राखणदारा! सालाबादप्रमाणां आजूय तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

वाड्या झाल्या, पाणवठे झाले, शिवेचे दगड झाले. प्राध्यापक भराभर टिपत होता. हेडमास्तर डोळे मिटून मान हलवत होते. आणि मग तोच सूर, तीच लय, जराही न थांबता:

"नदीकाठाची मानस तुझी. तिचा दार कुसला. खालची फळी हातान मोडता!"

"व्हय म्हाराजा!"

"पावणीचे पैशे इले, तुझ्या नावान इले. फळयो इल्यो. फळयो मानशीर गेल्यो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"शनवारी हे तेंच्यार नाचले, आयतवारी ते तेंच्यार नाचले! मानस उगडी ती उगडीच!"

"व्हय म्हाराजा!" आता हशा पिकला. पोरांनी शिट्ट्या घातल्या. पण होकार चुकला नाही. आमच्या लोकांना गाऱ्हाण्याला होकार द्यायची सवय इतकी पक्की आहे की कुणी 'आम्ही सगळे गाढव' म्हणालं असतं तरी 'व्हय म्हाराजा' आलं असतं. त्या दिवशी जवळपास तेच झालं.

मग त्यांचा आवाज चढला. "ह्या अध्यक्षाक बुद्दी दी! नाय दिवची आसात तर खारा पाणी पयला तेच्या शेतात घाल, आणि तेका जागो कर रे म्हाराजा!"

हशा थांबला. या वेळी होकार आला नाही. गाऱ्हाण्यात मागणं मागतात, कुणाचं वाईट मागत नाहीत. ती चूक म्हाराजांची होती, आणि त्यांनी ती रागाच्या भरात केली. अध्यक्षाचा चेहरा काळा पडला. भटजींनी घाईने नारळ घेतला आणि फोडला.

मला वाटलं, आता तरी मानशीचं निघेल. सगळा गाव जमलेला, विषय देवापुढे झालेला. मी पुढे सरलो. पायरीवर प्राध्यापक आणि हेडमास्तर एकमेकांशी भांडत होते.

"'कुसला' म्हणाले. ऐकलंत? हा शब्द शुद्ध कोंकणी."

"आणि 'लेकरां'? 'राखणदार'? हे कुठून आलं?"

"लय पळयात, लय!"

"मी कोल्हापुरापर्यंत ही लय ऐकली आहे."

मी म्हटलं, "दाराचं काय?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठलं दार?" हेडमास्तर म्हणाले.

मी सभ्य माणूस आहे. त्या दिवशी पहिल्यांदा दोन शिकलेल्या माणसांना देवळाच्या पायरीवर शिवी दिली. ती शिवी दोन्ही टेपांवर असेल. ती कुठल्या भाषेत होती ते त्यांनी ठरवावं.

दुसऱ्या दिवशी दंड झाला, ते वर आलंच आहे. दंड भरेपर्यंत गाऱ्हाण्याचा मान बंद. भरायला म्हाराजांनी नकार दिला.

पुढे राजभाषेचा कायदा झाला. दोन्ही बाजूंनी आपण जिंकलो असंही सांगितलं आणि आपल्यावर अन्याय झाला असंही. मे महिन्यात घटक राज्य झालं. गावात कमान उभारली, पेढे वाटले, मुलांना झेंडे दिले. व्यासपीठाला फळ्या त्याच. त्यांना या वेळी रंगीत कागद चिकटवला होता. कमानीचा आणि पेढ्यांचा खर्च पावणीतून झाला. ही माहिती मला हिशेब लिहिताना मिळाली आणि मी त्या नोंदीला सही केली नाही. दुसऱ्याने केली.

श्रावणी अमावस्येच्या उधाणाला, सकाळची भरती, वरून नदीला पूर. दार मिटलं नाही. खालची फळी गेली, मग वरची, मग दगडी मोरीच्या बाजूची माती सुटली आणि बांधाला दहा हात भगदाड पडलं. मी पोचलो तेव्हा भागीरथी बांधावर उभी होती. तिची दोन्ही शेतं पंधरा दिवसांपूर्वी लावलेली. वरून पाहताना काही मोडल्यासारखं दिसत नव्हतं. तांबूस पाणी शांतपणे आत चाललं होतं आणि भाताची टोकं एकेक करून दिसेनाशी होत होती. ती रडत नव्हती. तिने वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

म्हाराजा आले. उघडे, छत्री नाही. पावसात मी त्यांना प्रथमच छत्रीशिवाय पाहत होतो. मला वाटलं ओरडतील, 'सांगितला न्हय?' म्हणतील. तो त्यांचा हक्क होता. ते भगदाडाच्या कडेपर्यंत चालत गेले. मग मला म्हणाले, अगदी हळू, दुकानात उधार मागणाऱ्याच्या आवाजात, "ता पाणी अध्यक्षाच्या शेताक सांगितलेला रे. हिच्या नाय."

"काका, कायतरीच काय बोलतात! फळी कुसलेली."

"मिया मागलंय नि ता इला. पत्तो चुकलो." पुढे म्हणाले, "माझाच तोंड."

मी त्यांच्याशी तासभर वाद घातला. भरतीचं, दाराचं, एकवीसशे रुपयांच्या फळ्यांचं गणित मांडलं. ज्यांनी फळ्या वापरल्या त्यांच्यापैकी एकालाही रात्रीची झोप लागली नाही असं मी ऐकलेलं नाही. ज्याने एकट्याने तोंड उघडलं होतं तोच आपल्याला गुन्हेगार समजत होता. याचा राग मला अजून येतो, आणि त्यात थोडा त्यांच्यावरही आहे.

सरकारने भगदाड बुजवलं. बेळगावकडच्या मजुरांची टोळी आली, त्यांनी आठवडाभर माती-दगड वाहिले, काम चांगलं केलं. पण अंदाजपत्रकात बांध होता, दार नव्हतं. मोरी पोत्यांनी बंद केली. म्हणजे आता खारं आत येत नव्हतं आणि आत आलेलं बाहेरही जात नव्हतं. पोतं किती दिवस टिकतं ते कुणीही सांगेल. नुकसानभरपाई ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळाली. भागीरथीच्या सासऱ्यापासून ती शेतं त्यांच्या घरात, पण कूळ म्हणून नाव चढलेलं नव्हतं. तिच्या दोन शेतांचे पैसे अध्यक्षाला मिळाले. त्याने ते घेतले.

मग पुन्हा कालो आला. गाऱ्हाण्याला दुसरा माणूस उभा केला होता, त्यांचाच चुलतभाऊ. सहाव्या वाडीला तो अडकला. शिवेचे दगड उलटे घेतले. लोक कुजबुजायला लागले, म्हातारे अस्वस्थ झाले, एक वाडी सुटली तर त्या वाडीला वर्ष वाईट जातं असं आमच्याकडे मानतात. शेवटी अध्यक्षच उठला आणि मागे खांबाशी बसलेल्या म्हाराजांकडे गेला.

"चल, ऊठ. दंड माफ केलो."

"माफ कोणी केलो? तू?"

"देवान केलो असो समज."

"देवान माका सांगूक नाय," म्हाराजा म्हणाले. पण उठले. नारळ घेतला. बारा वाड्या एका श्वासात, एकही न चुकता म्हटल्या. पाणवठे, दगड, आंबा, तर. गावाने मोकळ्या आवाजात होकार दिले. आता मागणं मागायची वेळ. सगळे पुढे झुकले. अध्यक्षाने डोळे खाली घातले.

म्हाराजांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "बा देवा म्हाराजा. माझ्या तोंडान एका गरिबाच्या शेतात पाणी भरला. आता माझ्या तोंडात काय नाय. तुका ठावक आसा."

याला होकार कसा द्यायचा? इतकी वर्षं म्हशीला, बसला, कुजलेल्या दाराला हो म्हणणारा गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागला.

बायकांच्या बाजूने आवाज आला. आमच्याकडे गाऱ्हाण्याला बायका होकार देत नाहीत. भागीरथी उभी होती, पदर कमरेला खोचलेला.

"पाणी तुमच्या तोंडान येवक नाय, म्हाराजानू. दारातसून इला. दाराचा मागा."

म्हाराजांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग देवाकडे. "दार दी रे म्हाराजा," ते म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" ती म्हणाली. एकटीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाराजांनी दुकान उघडलं नाही. मला बोलावलं. आम्ही दोघांनी शाळेमागे पडलेल्या फळ्या डोक्यावर घेतल्या आणि चार खेपा करून मानशीवर नेल्या. खिळ्यांची भोकं होती, कडांना झेंड्याच्या रंगांचा कागद चिकटलेला होता. माट्टीचं लाकूड, त्याला काही झालं नव्हतं. मेस्त आला. अध्यक्षही आला, स्कूटरवरून.

"समितीशिवाय मानशीक हात लावलास तर दुसरो दंड पडतलो हां."

"घाल," म्हाराजा म्हणाले. "पयलो तरी खंय भरलंय?"

"तो मी माफ केलंय."

"माका माफी नको. दंड बोल्लो तो बोल्लो. मिया भरतंय." त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. "पूण खंय भरूचो ता माझा मिया बघतंय."

मोरीतली पोती काढली आणि संध्याकाळच्या ओहोटीला दार बसलं. आम्ही भरती येईपर्यंत थांबलो. पाणी चढलं, दार आपोआप मिटलं, आणि आतल्या बाजूला मोरी कोरडी राहिली. भागीरथीने मोरीत हात घालून बोट जिभेला लावलं आणि न थुंकता घरी गेली. तिच्या शेतात भात व्हायला तीन पावसाळे जावे लागले. म्हाराजांनी ते पाहिलं. पुढच्याच वर्षी गेले. शेवटपर्यंत तिंट्यावर ओरडत होते, पण गाऱ्हाण्यात पुन्हा कुणाचं नाव घेतलं नाही.

देवस्थानच्या वार्षिक सभेत त्यांच्या नावावरचा दंड अजून 'येणे बाकी' म्हणून वाचतात. दर वर्षी मी उठून हरकत घेतो आणि दर वर्षी मला खाली बसवतात. म्हणून इथे लिहून ठेवतो. दंड भरलेला आहे. रक्कम रुपये एकावन्न, रोख, माझ्यासमक्ष, मेस्ताला दिली, दार बसवण्याची मजुरी म्हणून. नारळ मानशीवर फोडला. देवस्थान, पंचायत, बांध समिती आणि नवं राज्य, सगळ्यांचा त्या सालचा हिशेब मी पाहिला आहे. मानशीचं दार बसवण्यासाठी त्या सालात कुणाच्याही खिशातून गेलेले पैसे एवढेच.